मीटरमास्तर आणि लाल गाडीचा काटा

मीटरमास्तर कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. मग स्वतःच्या मनगटाकडे. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असलं की त्या घरची धडगत नसे, आणि वाशीत त्या काळी एकूण एक घरातलं घड्याळ पाच मिनिटं पुढे असे. सकाळची बस चुकू नये म्हणून आम्ही सगळेच ते पुढे करून ठेवायचो. मास्तरांना मात्र तो गुन्हा वाटे. "पाच मिंटं पुढं हाय हे तुमाला ठाव हाय ना? म्हंजे तुमी मनातल्या मनात पाच वजा करनारच. मंग फसवताय कुनाला?" असं ते माझ्या बायकोला विचारत आणि तिचा चहा होईपर्यंत स्टुलावर चढून घड्याळ बरोबर लावूनही टाकत. ते गेले की ती स्टुलावर चढून पुन्हा पाच मिनिटं पुढे करी.

त्यांचं आडनाव भोईर आणि गाव करावे. बापाची भातशेती आणि मिठागरातला वाटा नव्या शहरात गेला, त्या बदल्यात मास्तरांना एका कारखान्यात हेल्परची नोकरी मिळाली. तिथे ते मीटर दुरुस्त करणाऱ्यांच्या हाताखाली लागले आणि चार-पाच वर्षांत त्यांच्याही पुढे गेले. पुढे गेलेला हेल्पर कुणाला आवडतो? रोज कुरबुरी होऊ लागल्या तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि तुर्भे नाक्याजवळ, ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून पत्र्याची शेड टाकली. ट्रकचे, टेम्पोचे, स्कूटरचे मीटर ते दुरुस्त करत. मीटरमास्तर हे नाव ट्रकवाल्यांनी दिलेलं. मी त्याच रस्त्यावरच्या एका केमिकल कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. साताऱ्याकडून येऊन वाशीच्या दोन खोल्यांत नवा संसार मांडला होता. माझ्या स्कूटरचा वेग दाखवणारा काटा चाळीसवर अडकला म्हणून मी प्रथम त्यांच्याकडे गेलो.

काटा पाच मिनिटांत सुटला असता. पण मास्तरांनी मला दीड तास बसवून ठेवलं. सुटलेला काटा खरं बोलतोय का, हे बघितल्याशिवाय ते गाडी देत नसत. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडांमध्ये त्यांनी माझी स्कूटर स्वतः चालवली, हातातल्या घड्याळाशी ताळा केला, परत येऊन पुन्हा खोललं, पुन्हा गेले. मी वैतागून म्हणालो की मास्तर, दोन-चार किलोमीटर इकडेतिकडे चालतील. त्यांनी मान वर करून माझ्याकडे असं पाहिलं की मी त्यानंतर वर्षभर त्यांच्यासमोर अंदाजे, साधारण, जवळपास हे शब्द वापरले नाहीत.

त्यांचा राग हा त्यांचा स्वभाव होता असं लोक म्हणत. मला ते पटत नाही. रागावण्यासारख्या गोष्टी जगात भरपूर होत्या आणि बाकीचे आपण त्यांच्याकडे बघत नव्हतो, एवढंच. जुन्या गाड्या विकणारा एक एजंट त्यांच्याकडे महिन्यातून एकदा येई आणि गाडीचे किलोमीटर मागे घेऊन द्या म्हणे. सत्तर हजार फिरलेली गाडी तीस हजारांवर आणायची. मास्तर दरवेळी त्याला बसायला स्टूल देत, पाणी देत आणि शेडबाहेर घालवून देत. एकदा मी तिथेच होतो. एजंट म्हणाला की तुम्ही नाही केलं तर दुसरा कुणी करेल. मास्तर म्हणाले, "करू दे. माजं काम म्हंजे माजे हात. दुसऱ्याच्या हातांना मी काय करू?" मग तो गेल्यावर अर्धा तास त्यांनी एकाही मीटरला हात लावला नाही. रागात हात लावला की स्क्रूचे आटे खराब होतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण पुढे तीच माझ्या अंगाशी आली. एका ट्रकच्या ड्रायव्हरने मालकाला फिरलेले किलोमीटर कळू नयेत म्हणून मीटरची केबल काढून ठेवली होती. मास्तरांनी मागे दुरुस्त केलेला मीटर पुन्हा बिघडला असं समजून मालकाने ट्रक त्यांच्याकडे पाठवला. मास्तरांनी केबल जोडली आणि ड्रायव्हरला सांगितलं की शेठला तू सांग. ड्रायव्हर पाया पडला. मी मास्तरांना म्हणालो की तुम्हीच सांगून टाका ना मालकाला, तुमच्या नावावर मीटर बिघडल्याचं खापर कशाला? ते म्हणाले, "आपलं खरं आपन सांगायचं. दुसऱ्याचं खरं आपन सांगितलं का ती चुगली होते." ड्रायव्हरने आठव्या दिवशी मालकाला सांगितलं. त्याची नोकरी राहिली की गेली ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की आठ दिवस मास्तर त्याची वाट बघत होते.

आता साहेबांविषयी. साहेब म्हणजे आमच्या कारखान्याचे मॅनेजर. त्यांच्याविषयी हात राखून लिहावं असं घरातून सांगणं आहे, आणि मला हात राखायचा नाही. हा माणूस हुशार होता, हसतमुख होता, गरजूला अ‍ॅडव्हान्स मिळवून द्यायचा आणि स्वतःच्या चुकीचं ओझं आयुष्यात कधी स्वतः उचललं नाही. त्यांनी कुठूनतरी एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार मिळवली. लाल रंगाची, दोनच माणसांची, वरचं कापडी टप मागे सारता येणारी. नव्या शहरात रस्ते रुंद झाले होते आणि माणसं अजून यायची होती. त्यामुळे मुंबईचे हौशी गाडीवाले रविवारी सकाळी खाडीपूल ओलांडून येत आणि उरणच्या रस्त्याला गाड्या पळवत. त्यांच्यात आपलीही गाडी उठून दिसावी ही साहेबांची इच्छा.

त्यांच्याकडे एक परदेशी मासिक होतं. त्यातल्या एका गाडीच्या डॅशबोर्डवर सात गोल काटे होते. साहेबांच्या गाडीत दोनच, एक वेगाचा आणि एक पेट्रोलचा. मला केबिनमध्ये बोलावून त्यांनी ते चित्र दाखवलं आणि म्हणाले की सागवानाची फळी, सात भोकं, मस्त ड्रॉइंग काढ. मी कारखान्याचं काम बाजूला सारून दोन दिवस ते ड्रॉइंग काढलं. खोटं कशाला बोलू, कुठल्याही पाइपलाइनच्या ड्रॉइंगवर मी इतका जीव लावला नव्हता. काटे बसवायला कोण आहे, असं साहेबांनी विचारल्यावर मास्तरांचं नाव मीच दिलं.

मास्तर गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आले. बॉनेट उघडून बराच वेळ आत बघत राहिले. मग माझं ड्रॉइंग हातात घेऊन विचारलं की कुठले सात? मी सांगितलं: वेग, पेट्रोल, ऑइलचा दाब, पाण्याची उष्णता, बॅटरीचा अ‍ॅमीटर. पाच झाले. उरलेले दोन? साहेब म्हणाले, "ते असेच. नुसते बसवा. दिसायला." मास्तरांनी ड्रॉइंगची व्यवस्थित घडी केली आणि माझ्या हातात परत दिली. "ज्याच्यामागं वायर नाय तो काटा मी लावनार नाय. पाच लावतो. पायजेल तर लावतो." साहेबांना असं ऐकायची सवय नव्हती. पण मुंबईतल्या कुठल्याच गॅरेजला हे काम धड जमत नव्हतं हेही त्यांना ठाऊक होतं. पाच तर पाच, ते म्हणाले. मी पाच भोकांचं नवं ड्रॉइंग काढलं.

त्या तीन नव्या काट्यांना मास्तरांनी तीन आठवडे घेतले. ऑइलच्या दाबासाठी इंजिनापासून डॅशबोर्डपर्यंत तांब्याची बारीक नळी नेली, आणि ती कुठेही घासणार नाही म्हणून तिच्यावर सायकलची ट्यूब कापून चढवली. पाण्याच्या उष्णतेचा काटा बसवण्याआधी शेडमध्ये रॉकेलच्या स्टोव्हवर पातेलं ठेवलं, इंजिनात जाणारं टोक आणि थर्मामीटर दोन्ही पाण्यात सोडले, आणि पाणी तापत जाईल तसा काटा कुठे येतो ते बघत बसले. काच उघडून, बायकोकडून आणलेल्या नेलपॉलिशने त्यांनी तबकडीवर एक लाल ठिपका दिला. इथपर्यंत काटा आला की गाडी थांबवायची. साहेब म्हणाले की ठिपका बरा दिसत नाही. मास्तर म्हणाले की तो बरा दिसायसाठी नाय.

काम झालं तेव्हा साहेब खरोखर खूष झाले. एवढं चोख काम त्यांनी पाहिलं नव्हतं, हे त्यांनी चारचौघांत सांगितलं. आणि मग ती गोष्ट बोलले जिच्यासाठी मास्तर पुढचे दोन महिने स्वप्नात वावरले. आमच्या कारखान्यात बॉयलरवर, टाक्यांवर, पाइपलाइनवर शे-दोनशे मीटर होते. ते दरवर्षी तपासून घ्यावे लागत. हे सगळं काम भोईरला देऊ, असं साहेब म्हणाले. ट्रकची केबल जोडणाऱ्या माणसासाठी हे केवढं होतं ते आज सांगून कळणार नाही. ज्या रस्त्यावरच्या एका कारखान्यातून ते हेल्पर म्हणून बाहेर पडले, त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या कारखान्याच्या गेटमधून ते तपासनीस म्हणून आत जाणार होते. त्यांनी बाजूचा गाळा घेतला. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, कराव्याहून येऊन त्याला स्वतः चुना लावला. नावाचा बोर्ड रंगवून झाला, फक्त टांगायचा राहिला होता. मास्तर त्या दिवसांत कुणावरही रागावत नसत. मला काळजी वाटायला लागली होती.

उन्हाळा आला आणि लाल गाडीचा उष्णतेचा काटा चढायला लागला. सिग्नलला, टोलनाक्यावर, कुठेही गाडी दोन मिनिटं थांबली की तो ठिपक्याकडे सरके. मास्तरांनी बघितलं आणि एका वाक्यात निदान केलं: गाडी थंड मुलखातली, रेडिएटर लहान, त्यात खाडीवरची खारी धूळ जाळीत बसलेली. रेडिएटर काढून साफ करा, आठ दिवस लागतील. साहेबांना आठ दिवस नव्हते. त्या रविवारी हेड ऑफिसचे डायरेक्टर येणार होते, त्यांना गाडीत शेजारी बसवून उरणपर्यंत न्यायचं ठरलं होतं. मास्तर म्हणाले की रविवारी गाडी नेऊ नका. साहेब हसले. मास्तर म्हणाले, "काट्यावर चिडून काय व्हनार? तो बिचारा सांगतोय, ऐका." साहेब पुन्हा हसले, आणि मास्तर गेल्यावर त्यांचं हसू गेलं.

मला त्यांनी बोलावलं. नेमके शब्द मला पाठ आहेत. "अरे, तो काटा उगाच वर जातोय. डायरेक्टर शेजारी बसणार, त्यांच्या डोळ्यासमोर असं बरं दिसत नाही. तू जरा बघ काहीतरी." बस, एवढंच. हे कर, ते कर असं काही नाही. मोठी माणसं हुकूम देत नाहीत. ती नुसती जरा बघ म्हणतात, आणि आपण बघतो.

इथपर्यंत मी सगळ्यांवर चिडून घेतलं. एजंटवर चिडलो, साहेबांवर चिडलो, घड्याळ पुढे करणाऱ्या वाशीकरांवरही चिडलो. आता ज्याच्यावर चिडायचं तो माणूस येतो. शनिवारी दुपारी, कारखान्याच्या गॅरेजमध्ये कुणी नसताना, डॅशबोर्डचे चार स्क्रू मी काढले. काट्याला येणाऱ्या वायरमध्ये मी एक रेझिस्टन्स जोडला, बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडा. विजेचा जोर त्यामुळे थोडा कमी होतो आणि काटा जिथे जायला हवा त्याच्या अलीकडे थांबतो. जोड उघडा राहू नये म्हणून त्यावर माझ्या टेबलावरची पट्टी गुंडाळली, बोर्डवर ड्रॉइंगचे कोपरे चिकटवायची ती पिवळसर कागदी पट्टी. गाडी चालू करून पाहिली. काटा वर आला आणि बरोबर मध्यावर उभा राहिला. मला आनंद झाला, हे सांगायला आज लाज वाटते. साहेबांनी विचारलं काय होतं, तर मी म्हणालो की कनेक्शन सैल होतं, घट्ट केलं.

रविवारी परतीच्या वाटेवर, कराव्याच्या फाट्याच्या थोडं अलीकडे गाडीतून वाफ निघाली, ठक ठक आवाज आला आणि इंजिन जॅम झालं. काटा मध्यावरच होता. डायरेक्टरसाहेब, सूटबूट घालून, भर उन्हात एका टेम्पोत बसून वाशीला आले. सुदैव म्हणायचं की कुणाला खरचटलं नाही. पण डायरेक्टरांसमोर साहेबांची जी शोभा व्हायची ती झाली, आणि ज्या माणसाला आयुष्यात कुणी कधी हसलं नव्हतं त्याच्याकडे बघून रविवारचे गाडीवाले हसले.

सोमवारी मास्तरांना गेटवर बोलावलं. गाडी दोरीने ओढून आणून आत उभी केलेली. स्टोअरचे दोघे, टाइम ऑफिसचा क्लार्क, वॉचमन, मी, असे पाच-सात जण होतो. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "भोईर, इंजिन जळालं आणि तुमचा काटा अर्ध्यावर. तीन आठवडे काय केलंत? आणि तुमच्या हातात मी बॉयलरचे मीटर देणार होतो." मास्तरांचा चेहरा उतरला नाही. त्यांचा स्वतःच्या कामावर एवढा विश्वास होता की त्यांना नुसतं आश्चर्य वाटलं. बघतो म्हणाले. चार स्क्रू काढले, आत हात घातला, फळी थोडी पुढे ओढून वाकून पाहिलं.

त्यांचा हात थांबला. तो पिवळसर कागद त्यांनी गाडीच्या कामाच्या दिवसांत माझ्या टेबलावर, माझ्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यांवर, शंभर वेळा पाहिला होता. ते सावकाश मागे वळले आणि माझ्याकडे बघू लागले. त्या बघण्यात राग असता तर मी बहुतेक बोललो असतो. ते नुसतं विचारत होते. साहेब म्हणाले की काय झालं, बोला. मास्तर माझ्यावरची नजर न काढता म्हणाले, "काट्यानं खोटं नाय सांगितलं. त्याच्यापत्तूर जेवडं पोचलं तेवडं त्यानं दाखवलं." साहेब म्हणाले की हे कोडं कुणाला घालताय? मास्तर अजून थोडे थांबले. मी वॉचमनच्या केबिनवरच्या पत्र्याकडे बघत होतो. त्या पत्र्याला किती खिळे होते तेही मला सांगता येईल.

मग त्यांनी फळी पुन्हा जागेवर बसवली, चारही स्क्रू नीट आवळले, हात पुसले आणि गेले. तो तुकडा त्यांनी काढला नाही. काढून साहेबांच्या हातावर ठेवला असता तर त्यांचं काम राहिलं असतं, बोर्ड टांगला गेला असता. पण ते माझं खरं होतं. ते मी सांगायचं होतं.

मी सांगितलं नाही. का, याची उत्तरं मी तेव्हा बरीच शोधली. बायकोला दिवस गेलेले, कंपनीच्या कर्जावर घेतलेला फ्लॅट, साताऱ्याला आई-वडील. सगळी खरी होती आणि एकही पुरेसं नव्हतं. साहेबांनी गावभर सांगितलं की भोईरचे मीटर खोटे. रस्त्यावरच्या दुसऱ्या कारखान्यांच्या मॅनेजरांनाही चहा घेता घेता सांगितलं. आमच्या मीटरचं काम मुंबईच्या कुणा कंपनीला गेलं. त्यांची माणसं यायची, एकही मीटर न खोलता त्यावर तपासल्याचं स्टिकर चिकटवायची आणि कॅन्टीनमध्ये जेवून जायची. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. बॉयलरजवळून जाताना माझा जीव मुठीत असे, आणि तो असायलाच हवा होता.

महिन्याने मी शेडमध्ये गेलो. बाजूचा गाळा त्यांनी सोडून दिला होता. मी दाराशी उभा राहून सगळं भडाभडा सांगितलं: शनिवार, चार स्क्रू, रेझिस्टन्स, पट्टी. मास्तर एका ट्रकचा मीटर पुसत होते. ते ऐकून घेईपर्यंत पुसत राहिले. मग म्हणाले, "मना कशाला सांगताय? मना तवाच कललं. ज्याला ठाव नाय त्याला जाऊन सांगा."

पुढेही ते मला दिसले की हात करायचे. माझ्या स्कूटरचं काम कधी नाकारलं नाही. पण आमच्या घरी मात्र पुन्हा आले नाहीत. न्हावा शेवाला बंदर सुरू झालं तसे त्यांच्याकडे ट्रेलरवाले येऊ लागले, पोटापुरतं काम होतं. एका कारखान्याचाही मीटर त्यांच्याकडे पुन्हा आला नाही. एका पावसाळ्यात शेड बरेच दिवस बंद दिसली म्हणून मी शेजारच्या टायरवाल्याला विचारलं. तो म्हणाला की मास्तर गेले, कावीळ झाली होती, पंधरा दिवस झाले.

मी त्याच रविवारी साहेबांकडे गेलो. ते तोवर निवृत्त होऊन वाशीतच बंगला बांधून राहिले होते. इतकी वर्षं जे घशात अडकलं होतं ते मी त्यांच्या व्हरांड्यात बसून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि हसून माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "अरे, मला काय माहीत नाही? आठ दिवसांत गॅरेजवाल्याने काढून दिला होता तो तुकडा मला. तुझीच पट्टी. म्हटलं, जाऊ दे. तुला नोकरीवरून काढलं असतं तर ड्रॉइंग कुणी केली असती? आणि भोईरला काय, ट्रक होतेच की."

त्यांनी आपला ड्रॉइंग काढणारा माणूस वाचवला होता, आणि आयुष्यभर मला वाटत होतं की मी काहीतरी लपवलंय. मी उठलो. मला इतका संताप आला होता की फाटकाची कडी मला उघडता येईना, आणि तो संताप साहेबांवर किती आणि माझ्यावर किती, हे वेगळं करता येत नव्हतं.

तिथून सरळ कराव्याला गेलो. म्हटलं, एक घर तरी आहे जिथे हे सांगायला हवं. त्या घरातल्या माणसांनी ऐकून घेतलं असेल की मास्तरांचे मीटर खोटे निघाले. त्यांनी मान खाली घातली असेल. त्यांना कळायला हवं, आणि मग ते मला जे बोलतील ते मी ऐकून घ्यावं. वाटेत मी मनात सगळे शब्द जुळवले. वहिनी ओट्यावर सुकट निवडत बसल्या होत्या. मी ओळख दिली, समोर बसलो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. काही गाळलं नाही. पट्टीचा रंगसुद्धा सांगितला.

त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. त्यांना माझी दया आली असावी असं मला वाटलं. म्हणाल्या, "इतकी वर्सं तुमी ह्ये घेऊन फिरलात होय? आमच्या घरात तर कुनाला कदी वाटलंच नाय का त्यांनी लावलेला काटा खोटा होता."

मी शिव्या खायला गेलो होतो. वहिनींनी उठून चहा ठेवला, आणि तो मी बसून प्यालो.